हायस्कूल बेसबॉलचा कॅचर: आधी काय शिकायचं, नंतर काय

न्यू जर्सी असो, टेक्सस असो की बे एरिया, आठवी-नववीतल्या मुलाला शाळेच्या टीममध्ये कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू घेणारा खेळाडू, व्हायचं असलं की घरात एकच प्रश्न निघतो: सेकंड बेसवरचा थ्रो किती जोरात जातो? मग मोबाइलवरचं स्टॉपवॉच सुरू होतं, खांद्याचे व्यायाम सुरू होतात, एखादा महागडा कॅम्पही होतो. ट्रायआउटच्या, म्हणजे टीम निवडीच्या, दिवशी मुलगा थ्रो झकास फेकतो आणि बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरच्या सरावाच्या जागी, त्याच्या मिटमधून (कॅचरच्या जाड ग्लव्हमधून) साधे पिच (पिचरने बॅटरकडे टाकलेले चेंडू) निसटत राहतात. कोचच्या लक्षात राहतात ते निसटलेले पिच.

हायस्कूलची मॅच सात इनिंगची. तेवढ्यात कॅचरकडे शंभराच्या आसपास पिच येतात. बेस चोरायला, म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच पुढचा बेस गाठायला, पळणारे रनर असतात दोन-तीन, कधी एकही नाही. जे काम शंभरदा करायचं ते कच्चं आणि जे दोनदा करायचं त्यावर सगळी मेहनत, ही चूक मला दर मोसमात दिसते. म्हणून या लेखातल्या पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पिच नीट घेणं, खाली आदळलेला पिच अडवणं, मग पावलं आणि चेंडू हातात घेण्याची सफाई, आणि हाताची ताकद या सगळ्यानंतर. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची घेऊ नका.

पायरी १: साहित्य, आणि तेही आधीपासून

कॅलिफोर्नियात मोसम फेब्रुवारीत सुरू होतो, न्यू जर्सीसारख्या थंड राज्यांत मार्चमध्ये. मिट मात्र नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सुमारासच घ्या. नवं मिट फळीसारखं कडक असतं आणि ते चेंडू घेऊन घेऊनच मऊ होतं. ओव्हनमध्ये ठेवणं, पाण्यात भिजवणं असले उपाय करू नका, चामडं कायमचं बिघडतं. हायस्कूलच्या मुलाला साधारण ३२.५ ते ३४ इंचांचं मिट चालतं. हे माप मिटच्या घेराचं असतं, त्यामुळे इतर खेळाडूंच्या ग्लव्हच्या मापाशी त्याची तुलना करू नका.

नियम ठरवते नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स, म्हणजे एनएफएचएस. दोन्ही कान झाकणारं हेल्मेट आणि मास्क, गळ्याचं संरक्षण, छातीचं पॅड, पायांची शिन गार्ड आणि मुलांसाठी कप (जांघेचं संरक्षण), हे सगळं सक्तीचं आहे. २०२० पासून छातीचं पॅड नॉक्सी या संस्थेच्या मानकाचं असावं लागतं. तो शिक्का पॅडवर छापलेला असतो. मोठ्या भावाचं जुनं पॅड देणार असाल तर आधी शिक्का शोधा.

शिन गार्डचे हुक पायांच्या बाहेरच्या बाजूला यायला हवेत. आत आले तर पळताना एकमेकांत अडकतात आणि मुलगा तोंडावर पडतो. घाईत डावं-उजवं उलटं बांधणं ही नवख्या मुलांची नेहमीची चूक आहे.

*तपासा:* सगळं अंगावर चढवून मुलाला उकिडवं बसवा. छातीचं पॅड वर सरकून हनुवटीला लागतं का? गुडघा उघडा पडतो का? मास्कमधून दोन्ही बाजूंचं दिसतं का? तिन्ही उत्तरं समाधानकारक आली की पुढे जा.

*सावध:* नुसता वॉर्मअप आहे म्हणून मास्क न घालता पिचरसमोर बसायचं नाही. बुलपेनमध्ये खाली बसणाऱ्या मुलालाही हेल्मेट, मास्क, गळ्याचं संरक्षण आणि कप लागतोच.

पायरी २: बसायच्या तीन पद्धती

पहिली बैठक कोणता पिच टाकायचा त्याच्या खुणा पिचरला बोटांनी देण्याची. गुडघे फारसे फाकवायचे नाहीत, उजवा गुडघा पिचरकडे, म्हणजे फर्स्ट बेसच्या कोचला बोटं दिसत नाहीत. मिट डाव्या गुडघ्याच्या बाहेर धरलं की थर्ड बेसची बाजू झाकली जाते. हात मांड्यांच्या आत खोल ठेवायचा. बोटं मांडीखाली लोंबली तर समोरच्या टीमच्या डगआउटला (खेळाडूंच्या बसायच्या जागेला) आयती खूण मिळते. संध्याकाळच्या मॅचला पिचरला बोटं दिसत नसतील तर नखांना ठळक रंग लावतात. मुलं आधी लाजतात, नंतर स्वतःच मागतात.

दुसरी बैठक बेसवर कोणी नसताना. इथे आजकाल बहुतेक कॅचर एक गुडघा जमिनीवर टेकतात. मिट खाली राहतं, खालचा पिच घेणं सोपं जातं आणि गुडघ्यांवरचा ताणही कमी होतो.

तिसरी बैठक बेसवर रनर असताना. कंबर थोडी वर, पाय खांद्यांपेक्षा रुंद, वजन तळपायांच्या आतल्या कडेवर. टाचांवर बसलेल्या मुलाला ना बाजूला सरकता येतं ना उठता येतं.

उघड्या हाताचं काय करायचं ते इथेच ठरवा. बेस रिकामे असताना तो पाठीमागे किंवा घोट्यामागे लपवायचा. रनर असताना मिटच्या मागे, सैल मूठ करून, अंगठा बोटांच्या आत. बॅटला चाटून आलेला फाउल टिप अंगठ्यावर बसला तर नख जातं, हाडही मोडतं.

*तपासा:* बॅटरच्या किती जवळ बसायचं? हात पूर्ण लांब केला की मिट बॅटरच्या मागच्या गुडघ्याच्या किंचित मागे यावं. फार लांब बसलं तर खालचे पिच जमिनीवर आपटू लागतात. फार जवळ गेलं आणि बॅट मिटला लागली तर बॅटरला फर्स्ट बेस फुकट मिळतो.

पायरी ३: पिच घेणं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. अंपायर कॅचरच्या खांद्यावरून बघत असतो. कडेचा पिच स्ट्राइक (बॅटरला मारता येण्याजोग्या पट्ट्यातला) की बॉल (त्या पट्ट्याबाहेरचा), हे ठरवताना मिट काय करतंय तेही त्याच्या डोळ्यांसमोर असतं.

आपल्याकडे क्रिकेट खेळलेले बाबा मुलाला शिकवायला लागले की नेमका इथे घोटाळा होतो. विकेटकीपर चेंडूबरोबर हात मागे नेतो, चेंडूचा जोर जिरवतो, आणि ते अगदी बरोबर असतं, कारण त्याला झेल सुटू द्यायचा नसतो. कॅचरने तसं केलं की गुडघ्याच्या उंचीवर आलेला स्ट्राइक मिटबरोबर तीन इंच खाली जातो आणि अंपायर बॉल देतो. कॅचरला पिच जिथे आला तिथेच थांबवायचा आहे. कीपिंगची सवय असलेल्या मुलाकडून ही एक गोष्ट आधी सोडवून घ्यावी लागते आणि त्याला काही आठवडे जातात. नजर, वाकून बसायची ताकद, तासन् तास एकाग्र राहणं, हे बाकीचं सगळं त्याला उपयोगीच पडतं.

क्रम असा:

१. पिचर हात मागे नेत असताना मिटचं मनगट सैल सोडा, मिट जमिनीकडे जाऊ द्या. ताठ मनगटाचा हात उशिरा हलतो.

२. पिच ओळखला की मिट चेंडूच्या खाली न्या आणि खालून वर येत चेंडू घ्या. खालचा पिच वरून झडप घालून घेतला तर तो कधीच स्ट्राइक दिसत नाही.

३. चेंडू शरीराच्या पुढे घ्या. डावं कोपर गुडघ्याच्या पुढे आणि मोकळं हवं. गुडघ्यावर टेकलेलं किंवा दोन गुडघ्यांमध्ये अडकलेलं कोपर असेल तर बाहेरचा पिच गाठताच येत नाही.

४. कडेचा पिच मिटच्या बाहेरच्या कडेने घ्या, म्हणजे मिटचा जास्त भाग प्लेटच्या (बॅटरशेजारच्या पांढऱ्या पाटीच्या) बाजूला राहतो.

५. घेतल्यावर क्षणभर तिथेच धरा. डोकं स्थिर.

यालाच फ्रेमिंग म्हणतात आणि याविषयी मुलांच्या डोक्यात एक मोठा गैरसमज असतो: पिच घेतल्यावर मिट ओढून प्लेटवर आणायचं. फूटभर बाहेर गेलेला पिच ओढून आणला की अंपायरला कळतं की हा मला फसवतोय, आणि मग तो खऱ्या कडेचे पिचही देईनासा होतो. स्पष्ट बॉल असेल तर साधेपणाने घेऊन परत फेका. सगळं कौशल्य कडेवरच्या दोन-तीन इंचांसाठी आहे.

सरावासाठी यंत्र लागत नाही. पंधरा-वीस फुटांवरून खालच्या हाताने टेनिस बॉल टाका आणि मुलाला मिटशिवाय, डाव्या हाताने घेऊ द्या. तळहातावर आपटला तर चेंडू उडून जातो, बोटांच्या बुंध्यात घेतला तर राहतो. टेनिस बॉल लगेच खरं सांगतो. हे जमलं की मिट, मग जोरात फेकलेले चेंडू, आणि शेवटी खरा पिचर.

*तपासा:* पाठीमागून, अंपायरच्या उंचीवरून मोबाइलवर चित्रण करा आणि आवाज बंद करून बघा. चेंडू मिटमध्ये शिरतो त्या क्षणी मिट खाली किंवा बाहेर जातं का? डोकं पिचच्या मागे वळतं का? दोन्हींपैकी काहीही होत असेल तर याच पायरीवर थांबा.

पायरी ४: खाली आदळलेला पिच अडवणं

थर्ड बेसवर रनर आहे, दोन स्ट्राइक झालेत आणि पिचरला कर्व्हबॉल (वळत खाली जाणारा पिच) टाकायचाय. कॅचरवर भरवसा नसेल तर तो चेंडू वर ठेवतो आणि मार खातो. अडवणारा कॅचर असला की पिचरला त्याचा सगळ्यात चांगला पिच टाकायची मोकळीक मिळते. सेकंडवरच्या थ्रोचे आकडे कागदावर दिसतात, हे दिसत नाही. मला विचाराल तर हायस्कूलमध्ये मॅच फिरवणारं कौशल्य हेच.

आधी मनाची तयारी: जमिनीवर आपटलेला पिच पकडायचा नसतो, छातीवर घेऊन पुढ्यात पाडायचा असतो. पकडायला गेलेला मुलगा मिट उलटं करतो, तोंड बाजूला वळवतो आणि चेंडू बॅकस्टॉपपर्यंत (मागच्या जाळीपर्यंत) जातो.

१. पिच खाली येतोय हे कळताच मिट सगळ्यात आधी जमिनीवर, दोन पायांमधल्या फटीत. गुडघे त्याच्या मागोमाग. गुडघे आधी गेले तर फट उघडी राहते आणि चेंडू तिथूनच जातो.

२. उघडा हात मिटच्या मागे.

३. हनुवटी छातीला. यामुळे गळा झाकला जातो आणि चेंडू मिटमध्ये पडताना दिसतो. वर बघणाऱ्या मुलाचा गळा उघडा पडतो.

४. खांदे पुढे, पाठ गोल. छाती ताठ असली की चेंडू दहा फूट उडतो. गोल आणि सैल असली की तिथेच पडतो. चेंडू लागायच्या क्षणी श्वास सोडायला सांगा, अंग आपोआप सैल पडतं.

५. चेंडू बाजूला असेल तर त्या बाजूचा गुडघा आधी टाका आणि बाहेरचा खांदा प्लेटकडे वळवा. नुसतं सरळ सरकलं तर छातीला लागून चेंडू डगआउटकडे जातो.

६. लगेच उठा, मास्कमधून चेंडू बघा, उघड्या हाताने उचला. बघत बसलं तर अडवण्याचा फायदाच राहत नाही.

सरावाचा क्रमही पाळा. पहिले काही दिवस चेंडूच नको: इशारा करा, मुलगा त्या बाजूला पडेल. नंतर मऊ चेंडू हाताने टाका. तोंड वळवायची सवय मऊ चेंडूवरच मोडते. कडक चेंडू लागायला लागला की भीती बसते आणि ती काढायला फार वेळ जातो. मुलगा डोळे मिटत असेल तर रागावू नका, एक पायरी मागे या.

*तपासा:* दहापैकी आठ चेंडू हाताच्या अंतरात, समोर पडायला हवेत. मागे गेलेला एकसुद्धा असेल तर पहिल्या मुद्द्याकडे परत.

*सावध:* तिसरा स्ट्राइक निसटला आणि फर्स्ट बेस रिकामा असेल, किंवा दोन आउट झालेले असतील, तर बॅटर पळू शकतो. चेंडू उचलून आधी एक पाऊल मैदानाच्या आत घ्या, मग फर्स्टला फेका. रेषेवरून फेकलेला चेंडू पळणाऱ्या बॅटरच्या पाठीत बसतो.

पायरी ५: सेकंड बेसवरचा थ्रो

होम प्लेटपासून सेकंड बेस १२७ फुटांवर आहे. चेंडू कॅचरच्या मिटला लागल्यापासून सेकंडवरच्या खेळाडूच्या ग्लव्हमध्ये पोचेपर्यंतच्या वेळाला पॉप टाइम म्हणतात. मेजर लीगमध्ये तो साधारण २.० सेकंदांच्या आसपास असतो. हायस्कूलमध्ये २.१ किंवा २.२ म्हणजे चांगलं काम चाललंय.

आता हिशेब करा. पिचरला हालचाल सुरू करून चेंडू प्लेटवर पोचवायला १.३ ते १.४ सेकंद लागतात. कॅचरचे २.१ मिळवले की झाले ३.४ ते ३.५, आणि चपळ रनरलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. पिचर १.७ घेत असेल तर कोणाचाही हात पुरणार नाही. प्रत्येक चोरीचा दोष मुलावर टाकणाऱ्या पालकांनी एकदा पिचरवरही स्टॉपवॉच लावून बघावं.

वेळ वाचतो तो पायांत आणि हात बदलण्यात. चेंडू येत असतानाच उजवा पाय छोट्या पावलाने शरीराखाली आला पाहिजे, डावा सेकंडच्या दिशेने. मिट उजव्या छातीकडे येतं आणि उघडा हात तिथेच त्याला भेटतो. हात मिटपर्यंत धावत गेला तर चेंडू घसरतो. बोटं शिवणीवर आडवी येतील अशी फोर-सीम पकड हवी, नाहीतर थ्रो वळतो. ताठ उभं राहू नका, डोक्याची उंची फारशी बदलू नये. निशाणा म्हणजे बेसच्या फर्स्टकडच्या कडेवर, गुडघ्याच्या उंचीला. तिथे एक टप्पा खाऊन गेलेला सरळ थ्रो डोक्यावरून गेलेल्या जोरदार थ्रोपेक्षा कितीतरी बरा.

हात बदलण्याचा सराव घरात, चेंडू न फेकता, टीव्ही बघताना होतो. रोज थोडा, पण रोज.

*सावध:* रोज पूर्ण जोराने सेकंडला फेकू नका. कॅचर तसाही प्रत्येक पिच परत फेकत असतो. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलच्या ‘पिच स्मार्ट’ सूचनांत स्पष्ट म्हटलंय की पिचरने पिचिंग करत नसताना कॅचर होणं टाळावं. उन्हाळ्यातल्या ट्रॅव्हल टीममध्ये सकाळी पिचर आणि दुपारी कॅचर असा बेत कोणी आखला तर पालकांनी नाही म्हणावं. कोपर एकच आहे.

पायरी ६: प्लेटच्या आसपास

इथे थोडक्यात, कारण वरचं पक्कं असलं की हे लवकर जमतं.

उंच उडालेला फाउल: मास्क काढा, पण हातात ठेवा. आधी चेंडू शोधा, मग मास्क विरुद्ध बाजूला लांब फेका. लगेच टाकला तर त्याच्यावरच पाय पडतो. प्लेटमागे उडालेला चेंडू फिरकीमुळे मैदानाच्या दिशेने परत येतो, म्हणून पाठ मैदानाकडे करून उभं राहा.

बंट (बॅट नुसती टेकवून हळू पाडलेला चेंडू): चेंडू हळू होत असेल तर मिट आणि उघडा हात दोन्हींनी ओंजळीसारखा उचला. नुसत्या हाताने उचलायचा तो पूर्ण थांबलेला चेंडूच.

होमवर टॅग (चेंडूने रनरला स्पर्श करून बाद करणं): चेंडू हातात नसताना रनरची वाट अडवली तर एनएफएचएसच्या नियमांत ते ऑब्स्ट्रक्शन (अडथळा) होतं. प्लेटच्या पुढे उभं राहा, रनरला प्लेट दिसू द्या, चेंडू घ्या आणि मगच वळा. टॅग करताना चेंडू उघड्या हातात घट्ट आणि तो हात मिटच्या आत. घाईघाईने आधी टॅगकडे वळणं हीच इथली नेहमीची चूक.

बेस रिकामे असताना इनफिल्डमध्ये ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा चेंडू) गेला की फर्स्टच्या मागे धावायचं. भरपूर मुलं हे करत नाहीत. कोच ते टिपून ठेवतो.

पायरी ७: आवाज आणि पिचर

मैदानात बाकी आठ जण एका बाजूला तोंड करून उभे असतात, सगळं समोर दिसतं ते एकट्या कॅचरला. किती आउट, बंट आला तर कुठे फेकायचं, रनर पळाला, हे त्यानेच ओरडून सांगायचं. आपल्या घरांत मोठ्यांपुढे हळू बोलायची सवय असते. नववीतला कॅचर बारावीतल्या पिचरला ‘घाई करतोयस, श्वास घे’ म्हणायला कचरतो. त्याला घरी स्पष्ट सांगा की मैदानात हे सांगणं उद्धटपणा नाही, ते त्याचं कामच आहे.

बऱ्याच शाळांत पिच कोणता टाकायचा ते कोच डगआउटमधून ठरवतो, मनगटावरच्या कार्डाने किंवा २०२४ पासून मुभा मिळालेल्या एकतर्फी इअरपीसने. म्हणून कॅचरने डोकं वापरायचं नाही असं होत नाही. आज कर्व्ह नीट पडत नाहीये, हे कोचच्या आधी त्याच्या हाताला कळतं. इनिंग संपल्यावर त्याने ते सांगितलं पाहिजे.

*सावध:* मास्कवर जोराचा फाउल टिप बसला आणि डोकं दुखतंय, उजेड सहन होत नाही, खुणा विसरतोय असं काहीही दिसलं तर मुलाला लगेच बाहेर काढा. कन्कशनची, म्हणजे डोक्याच्या माराने मेंदूला धक्का बसल्याची, शंका आल्यावर खेळाडूला बाहेर ठेवण्याचा कायदा सगळ्या राज्यांत आहे. ‘मी ठीक आहे’ हे मुलाचं म्हणणं तिथे धरायचं नसतं.

ट्रायआउटआधीचे आठ आठवडे

पहिले तीन आठवडे फक्त बैठक आणि पिच घेणं, आठवड्यातून चार दिवस, वीस-वीस मिनिटं. चौथ्या आठवड्यापासून त्यात अडवणं, आधी चेंडूशिवाय. सहाव्यापासून पावलं आणि हात बदलणं. पूर्ण जोराचे थ्रो शेवटच्या दोन आठवड्यांत, एका दिवसाआड, मोजके. कितीही घाई झाली तरी अडवण्याचा सराव गाळू नका, थ्रोचा गाळा.

ट्रायआउटच्या दिवशी मुलाने वेळेआधी जाऊन सगळं साहित्य बांधून तयार राहावं आणि ज्या पिचरसमोर बसणार त्याला आधीच गाठून तीन गोष्टी विचाराव्यात: कोणकोणते पिच आहेत, कोणता हमखास पडतो, आणि दोन स्ट्राइक झाल्यावर मिट कुठे हवंय.